बर्फानं परत दिलेला जवान

2022 च्या ऑगस्टमध्ये सियाचीन हिमनदीवर, 16,000 फुटांहून अधिक उंचीवर, गस्तीवरच्या जवानांना एका जुन्या बंकरमध्ये मानवी अवशेष सापडले. जवळ धातूची ओळखपट्टी होती आणि तिच्यावर ठोकलेला आर्मी नंबर अजून वाचता येत होता. नंबरावरून नाव निघालं: लान्स नायक चंद्रशेखर हरबोला, 19 कुमाऊं. ऑपरेशन मेघदूत 13 एप्रिल 1984 ला सुरू झालं आणि दीड महिन्यानं, 29 मे रोजी, हिमकडा कोसळून हरबोलांची तुकडी बर्फाखाली गेली. बऱ्याच जणांचे देह तेव्हाच मिळाले, पाच जणांचे मिळाले नाहीत. हरबोला त्या पाचांतले. 38 वर्षांनी ते हल्द्वानीला घरी पोहोचले आणि राणीबागच्या चित्रशिला घाटावर लष्करी इतमामात त्यांचे अंत्यसंस्कार झाले. ते गेले तेव्हा दोन्ही मुली अजाण होत्या. त्या मुलींचं सगळं वाढणं वडील जाण्याच्या आणि परत येण्याच्या मधे झालं.

हा विषय निघाला की माझे मामा आणि त्यांची मुलगी यांचं जुळत नाही. मामा मराठा लाइट इन्फन्ट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. ग्लेशियरवर ड्यूटी केलेला माणूस. मुलगी साताऱ्याला वकिली करते. वारसा, कुटुंब निवृत्तिवेतन, बेपत्ता माणसांचे दावे हे तिचं रोजचं काम. आमच्या जिल्ह्यात आपशिंगे हे गाव आहे, नावातच 'मिलिटरी' लागलेलं. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे 46 जण गेले. अशा मुलखात जवानाच्या देहाविषयी बोलणं घरातल्या माणसाविषयी बोलल्यासारखंच असतं.

बोलणं सुरू झालं ते 2024 च्या बातमीवरून. 7 फेब्रुवारी 1968 ला चंदीगडहून लेहला निघालेलं हवाई दलाचं एएन-12 विमान खराब हवामानामुळे परत फिरलं आणि रोहतांगच्या परिसरात नाहीसं झालं. आत 102 माणसं होती. 35 वर्षं त्यांचा मागमूस नव्हता. 2003 मध्ये गिर्यारोहकांना लाहौलच्या ढाका हिमनदीवर विमानाचे तुकडे आणि एका जवानाचा देह दिसला. मग डोग्रा स्काउट्सच्या तुकड्या वेळोवेळी वर जात राहिल्या. 2019 पर्यंत पाच देह मिळाले. 2024 च्या सप्टेंबरअखेर आणखी चार मिळाले. त्यांत केरळातल्या एलंतूरचे थॉमस चेरियन होते. विमानात बसले तेव्हा त्यांचं वय 22. त्यांना घ्यायला आलेली भावंडं म्हातारी झालेली होती.

"छप्पन वर्षांनी," मामा म्हणाले. "पलटण विसरत नाही ती अशी. वर चढणाऱ्या त्या पोरांपैकी 1968 साली एकही जन्माला आला नव्हता. तरी गेली. आपला माणूस आहे म्हणून गेली."

"आबा, त्या पोरांचं मला कौतुकच आहे," ती म्हणाली. "पण मला एक सांगा. त्यातलं एखादं पोर भेगेत पडलं असतं तर? 1968 ला गेलेल्या माणसासाठी 2024 साली आणखी एका आईला तार करायची?"

"तार आता कुणी करत नाही."

"विषय टाळू नका."

मामा थांबले. विषय टाळण्यासारखा नव्हता हे त्यांनाही ठाऊक होतं. "भेगेत पडू नये म्हणून तर रस्सी बांधून चालतात," ते म्हणाले. "धोका आहे, मी नाही म्हणत नाही. पण वर नुसतं पोस्टवर बसून राहण्यातही धोका आहे. सियाचीनच्या सोनम पोस्टवर काय झालं? 3 फेब्रुवारी 2016. एकोणीस मद्रासची पोस्ट, 19,600 फुटांवर. बर्फाची भिंत कोसळली, दहा जण खाली. आपल्या माण तालुक्यातल्या मस्करवाडीचा सुनील सूर्यवंशी त्यात होता, नर्सिंग असिस्टंट. सहा दिवस खणत होते. कुत्री नेली, बर्फ कापायची यंत्रं नेली. सगळे म्हणत होते, आता काय उरलं असणार. आणि हनुमंतप्पा कोप्पड जिवंत निघाला. पुढे 11 तारखेला दिल्लीत गेला, पण निघाला तेव्हा जिवंत होता. खणायचंच नाही असं ठरवलं असतं तर?"

"सहा दिवस आणि छप्पन वर्षं यांत फरक आहे, आबा. सहाव्या दिवशी आपण जिवंत माणूस शोधत असतो."

हा मुद्दा तिचा, आणि मला तो नाकारता येत नाही. जिवंत माणसाच्या आशेनं पत्करलेला धोका आणि मृताला घरी आणण्यासाठी पत्करलेला धोका यांची किंमत एकच धरता येणार नाही. मामांनी त्यावर आकडा किंवा नियम सांगितला नाही. ते पार दुसरीकडून आले.

"पानिपत आठव," ते म्हणाले. "विश्वासरावांचा देह मिळाला, त्यांचं दहन झालं, तो विषय तिथे मिटला. भाऊसाहेबांचं काय झालं? देह मिळाला असं सांगितलं गेलं, पण पुण्याची खात्री पटली नाही. पार्वतीबाईंनी शेवटपर्यंत कुंकू पुसलं नाही. आणि पुढे तोतया उभा राहिला. लोकांनी त्याला भाऊ मानलं, त्याच्यामागे माणसं जमली, राज्यात गोंधळ माजला. 1776 साली त्याला मारला तेव्हा कुठे तो प्रकार संपला. पंधरा वर्षं! एका देहाची ओळख नीट पटली नाही म्हणून. बेपत्ता हा शब्द घरात शिरला की बाहेर जात नाही, पोरी. अवशेष आणतात ते तो शब्द बाहेर काढायला."

ती गप्प बसली नाही. उलट तिला हेच हवं होतं.

"बरोबर. मग तो शब्द बाहेर काढायला देहच लागतो का, ते बघू. माझ्याकडे अशी माणसं येतात. कायद्यात सात वर्षांचा नियम आहे. पूर्वी पुरावा कायद्याचं कलम 108 होतं, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाचं 111. ज्यांना त्याची खबर असायला हवी होती त्यांना सात वर्षं काही कळलं नाही, तर तो जिवंत आहे हे सिद्ध करायची जबाबदारी तसं म्हणणाऱ्यावर येते. पण न्यायालय एवढंच गृहीत धरतं की माणूस गेला. कधी गेला ते गृहीत धरत नाही. तारीख हवी असेल तर ती मागणाऱ्यानंच सिद्ध करायची. कागदोपत्री मेलेला माणूस, आणि त्याला मृत्यूचा दिवस नाही. आणखी ऐका. हिंदू विवाह कायद्यात सात वर्षं खबर नसलेल्या नवऱ्यापासून घटस्फोट मागता येतो. म्हणजे बाईनं अर्ज करायचा की मला याच्यापासून मोकळं करा. ज्याची ती वाट पाहते आहे त्याच्याविरुद्ध तिनंच दावा दाखल करायचा."

"जवानाच्या बाबतीत असं होत नाही. हिमकडा कोसळला की चौकशी बसते, पलटण कळवते, मृत्यू नोंदला जातो, पेन्शन सुरू होतं."

"नोंदला जातो. पण घरात तो कुठल्या दिवशी मरतो, ते कोण ठरवतं?"

या प्रश्नाचं आपल्याकडचं जुनं उत्तर मी मधे घातलं. देह न मिळालेल्या माणसासाठी आपल्याकडे पालाशविधी आहे. पळसाच्या 360 देठांचा पुतळा करतात, डोक्याच्या जागी नारळ ठेवतात, त्याचं दहन करतात आणि तिथून दिवस धरतात. वर्षानुवर्षं वाट पाहून थकलेल्या घरासाठी कुणीतरी फार विचार करून बांधलेली वाट आहे ही. शास्त्रकारांनी त्यात परतीची सोयही ठेवली. विधी झाल्यावर तो माणूस जिवंत परत आला तर त्याला पुन्हा जन्मलेला धरून जातकर्मापासूनचे संस्कार करायचे. वाट पाहणाऱ्याचं मन पूर्ण बंद होत नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

"तेच म्हणते मी," ती म्हणाली. "हरबोलांच्या घरी 1984 नंतर काय काय सहन केलं गेलं असेल! ती बाई पासष्टीच्या घरात पोहोचली, मुली मोठ्या केल्या. आणि मग एक फोन येतो. सगळं पुन्हा पहिल्यापासून. दारात मंत्री, पुढारी, कॅमेरे. तिला कुणी विचारलं का, बाई, तुम्हाला हे कसं हवं आहे?"

"विचारायचं काय त्यात? कुठली बाई म्हणेल की माझा माणूस आणू नका?"

"म्हणेल एखादी. तुम्ही धरून चालता की नाही म्हणणार नाही, म्हणून तर विचारत नाही."

मामांना हे लागलं. थोडा वेळ ते बोलले नाहीत. मग त्यांनी वालाँगची गोष्ट सांगितली. 1962 च्या युद्धात 4 डोग्राचे शिपाई करमचंद वालाँगच्या आघाडीवर पडले. 2010 मध्ये तिथे रस्त्यावरची दरड काढणाऱ्या कामगारांना त्यांचे अवशेष मिळाले, ओळखपट्टीसह. 48 वर्षांनी ते पालमपूरजवळच्या आपल्या गावी गेले. "सगळा गाव आला होता," मामा म्हणाले. "1962 ची लढाई ज्यांनी पुस्तकातही नीट वाचली नव्हती, ती शाळेतली पोरं रस्त्यावर उभी राहिली. बासष्टचं नाव घ्यायलाही आपल्याला लाज वाटायची. हरलो म्हणून त्या लढाईतली माणसंही आपण मागे टाकली. त्या एका शिपायानं परत येऊन सांगितलं की मी तिथे उभा होतो. हे नुसत्या घरचं असतं का? गावाचं नसतं? पलटणीचं नसतं?"

इथे मी पूर्ण मामांच्या बाजूचा आहे. बासष्टच्या जवानांची आपण जितकी आठवण ठेवायला हवी होती तितकी ठेवली नाही. रेझांग ला इथे 13 कुमाऊंची कंपनी जवळजवळ शेवटच्या माणसापर्यंत लढली. त्यांचे देह तीन महिने बर्फात होते. 1963 च्या फेब्रुवारीत ते पाहिले गेले, हातात शस्त्रं तशीच. कंपनीचे प्रमुख मेजर शैतानसिंग यांचा देह जोधपूरला नेला आणि बाकीच्यांना चुशूलला अग्नी दिला. ते देह मिळेपर्यंत तिथे काय घडलं ते सांगणाऱ्या थोड्या वाचलेल्यांवर लोक विश्वास ठेवायला तयार नव्हते. साक्ष द्यायला मृतांना यावं लागलं.

तिनं नेमकं हेच उदाहरण उचललं. "मेजरसाहेबांना घरी नेलं, जवानांना तिथेच. 1963 साली तेच शक्य होतं, मी दोष देत नाही. कारगिलच्या आधी बहुधा आघाडीवरच दहन व्हायचं, घरी सामान आणि अस्थी यायच्या. 1999 पासून प्रत्येक जवानाची शवपेटी गावात यायला लागली. पण आबा, देह घरी आणायचा म्हटलं की कुणाचा आणायचा हा प्रश्न लगेच येतो. इंग्रजांनी पहिल्या महायुद्धात ठरवलं की कुणालाच घरी न्यायचं नाही. श्रीमंत बाप मुलाला जहाजानं आणवेल आणि खाणकामगाराचा मुलगा चिखलात राहील, हे नको म्हणून. सगळे जिथे पडले तिथेच, एकाच मापाच्या दगडाखाली. फ्रान्समध्ये नव शापेलला आपल्या 4,700 हून अधिक जवानांची नावं कोरली आहेत, ज्यांची कबर कुठे आहे तेच माहीत नाही. आणि 2016 मध्ये तिथे जवळच खोदकामात दोन गढवाली जवानांचे अवशेष मिळाले. खांद्यावरच्या पितळी 39 या आकड्यावरून पलटण कळली, नावं कळली नाहीत. 2017 मध्ये त्यांना तिथल्याच लष्करी स्मशानभूमीत, लावांतीला, सन्मानानं पुरलं. गढवालहून त्यांच्या पलटणीचे लोक गेले होते. काय कमी पडलं त्यात?"

"नाव कमी पडलं," मामा म्हणाले.

ती थांबली.

"दोघं गढवाली, एवढंच. कुणाचे मुलगे ते कळलं नाही. घर कळलं असतं तर मी म्हणेन फ्रान्समध्येही राहू द्या, हरकत नाही. पण त्यांच्या घरी सांगायला पाहिजे की तुमचा पोरगा इथे आहे. मला देह हवा असं नाही, पोरी. मला नाव हवं. बर्फातून कुणीही निघो, तो कोण ते कळलं पाहिजे. बाकी सगळं नंतर."

वादाला खरी कलाटणी इथे मिळाली, असं मला वाटतं. तोवर एक जण म्हणत होता आणा, दुसरी म्हणत होती विचारा, आणि दोघंही असं धरून बोलत होते की शोधायचं की नाही हे आपल्या हातात आहे. ते फारसं आपल्या हातात नाही.

हिमनदी म्हणजे थिजलेलं तळं नव्हे. वरच्या भागात दरवर्षी नवा बर्फ साठतो, दाबाखाली घट्ट होतो आणि स्वतःच्या वजनानं उताराकडे सरकत राहतो. वर गाडलं गेलेलं शरीर आधी खोल जातं, मग बर्फाबरोबर पुढे जातं आणि जिथे साठण्यापेक्षा वितळणं जास्त आहे त्या खालच्या पट्ट्यात पृष्ठभागावर येतं. 1968 च्या विमानाचे तुकडे आणि माणसं एका जागी न मिळता वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या ठिकाणी मिळत गेली, त्यामागे हे सरकणं आहे. हिमालयातल्या हिमनद्या आता झपाट्यानं आक्रसताहेत. सियाचीनवर गेलेल्यांपैकी बहुतेक जण गोळीनं गेले नाहीत. हिमकड्यांनी, भेगांनी, थंडीनं आणि विरळ हवेनं गेले. पुढच्या वीस-तीस वर्षांत बर्फ आणखी माणसं परत देणार आहे, आपण शोधायला गेलो किंवा न गेलो तरी.

"मग तयारी कसली करायची?" मामांनी विचारलं. "डिस्क आहे. नंबर आहे. रेकॉर्ड ऑफिसला रेकॉर्ड आहे. हरबोलांचा नंबर 38 वर्षांनी लागला की नाही?"

"लागला, कारण डिस्क शरीराजवळ राहिली. 2014 मध्ये सियाचीनवर महाराष्ट्रातले एक हवालदार 21 वर्षांनी सापडले, त्यांची ओळख पटवायला खिशातलं घरचं पत्र उपयोगी पडलं. विमानातल्यांपैकी काहींची ओळख खिशातल्या कागदांवरून पटली. आबा, हे सगळं नशीब आहे. कागद भिजला असता, डिस्क बर्फाच्या सरकण्यात तुटून गेली असती, तर ती माणसंही नुसती गढवाली, कुमाऊंनी, मराठा म्हणून राहिली असती."

"मग डीएनए करतात."

"कुणाशी जुळवणार?"

इथे ती वकील म्हणून बोलली, आणि मला तिच्या बोलण्यातला हा भाग सगळ्यांत मोलाचा वाटतो. जुन्या हाडांतून सहसा जो डीएनए शाबूत मिळतो तो मायटोकॉन्ड्रियाचा. तो फक्त आईकडून येतो. जवानाचा आणि त्याच्या सख्ख्या भावाबहिणींचा तो एकच असतो, बहिणीच्या मुलांकडेही तो असतो. पण जवानाच्या स्वतःच्या मुलांकडे तो नसतो, बायकोकडे तर नसतोच. म्हणजे कागदावर ज्यांना वारस म्हणून पेन्शन मिळतं ती माणसं या एका चाचणीला उपयोगी नाहीत. आणि ज्यांचा उपयोग आहे त्यांची नावं त्या कागदावर नाहीत. 1968 च्या विमानातल्यांच्या आया आता नाहीत. भाऊबहिणी ऐंशीच्या आसपास आहेत. बहिणी लग्न होऊन दुसऱ्या गावी गेल्या, त्यांची आडनावं बदलली, त्यांची मुलं पुण्याला नाही तर मुंबईला. आणखी दहा वर्षांनी ही माणसं शोधणं बर्फातल्या माणसाला शोधण्याइतकंच अवघड होईल. मुलांच्या नमुन्यांवरूनही ओळख पटवता येते, पण त्यासाठी अवशेषांतला दुसरा, पेशीच्या केंद्रकातला डीएनए चांगल्या अवस्थेत मिळावा लागतो.

"म्हणून हिमनदीवर जाण्यापूर्वी खाली यायला हवं," ती म्हणाली. "गावात. ज्यांचे देह मिळालेले नाहीत त्या प्रत्येकाच्या बहिणीच्या मुलाचा नमुना आज घेऊन ठेवा. यात भेगेत पडायचा धोका नाही, हेलिकॉप्टर लागत नाही. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयं आहेत. माजी सैनिकांच्या संघटना गावोगाव आहेत."

मामा पटकन हो म्हणाले नाहीत. त्यांना नमुना मागायला एखाद्या म्हातारीच्या दारात उभं राहणं जड वाटत होतं. "चाळीस वर्षांनी जाऊन सांगायचं की तुझा भाऊ अजून सापडला नाही, थुंकी दे? तिच्या मनात पुन्हा आशा लावायची? तूच मघाशी म्हणालीस, सगळं पुन्हा पहिल्यापासून."

हा प्रश्न त्यांनी तिच्याकडूनच घेतला होता आणि तो खरा होता. तिला त्याचं उत्तर लगेच सुचलं नाही. थोड्या वेळानं म्हणाली, "फरक एवढाच की या वेळी आपण विचारायला जातो. सांगायला नाही. जाऊन म्हणायचं, तो मिळेल की नाही माहीत नाही. मिळाला तर तुम्हाला काय हवं आहे ते आज सांगून ठेवा. घरी आणायचं, की तिथेच बेस कॅम्पला अग्नी देऊन अस्थी आणायच्या, की काहीच आणू नका. गावात मिरवणूक हवी की नको. फोन कुणाला करायचा, रात्री करायचा की नाही. नमुना देणार का. नको म्हणाली तर नको."

"आणि ती म्हणाली, आणू नका, तर?"

"तर आणू नका."

"पलटणीनं त्याला बर्फात टाकून यायचं?"

"टाकून नाही. तुम्हीच म्हणालात, नाव हवं. नाव मिळालं. पलटण बेस कॅम्पला सलामी देईल, अग्नी देईल. ती तुमची जागा. घर ही तिची जागा."

ओ.पी. बाबांचा विषय मामांनी इथे काढला. सियाचीनच्या बेस कॅम्पला ओ.पी. बाबांचं मंदिर आहे. एकट्यानं पोस्ट राखणाऱ्या जवानावरची ती श्रद्धा. वर जाणारी प्रत्येक तुकडी आधी तिथे रिपोर्ट करते आणि खाली आल्यावर पुन्हा करते. नथू ला जवळ बाबा हरभजनसिंग यांचं स्थान आहे. 1968 साली गेलेल्या त्या शिपायाचं सामान कित्येक वर्षं सुट्टीवर पंजाबातल्या त्याच्या गावी पाठवलं जायचं, रेल्वेत त्याच्या नावाची जागा राखून. "आम्ही मेलेल्याला सुट्टी देतो, ड्यूटी देतो, बढती देतो," मामा म्हणाले. "बाहेरच्याला वेडेपणा वाटेल. पण वर एकदा राहा म्हणजे कळेल. जो आला नाही तो अजून पोस्टवर आहे, असं धरल्याशिवाय पुढच्याला वर चढवत नाही. तू म्हणतेस ती बाई नको म्हणाली तर नको. ठीक आहे, ऐकलं. पण पलटणीला विचारायचं नाही, असं करू नकोस. आम्हीही त्याचे कुणीतरी लागतो."

"लागता. पण पहिला हक्क तिचा."

"पहिला तिचा," मामा म्हणाले. हे त्यांनी किती अवघडपणे म्हटलं ते मी पाहिलं. पलटण आधी आणि घर नंतर, असं ज्या माणसानं सगळी नोकरी पाळलं त्याच्या तोंडून हे आलं होतं.

2024 मध्ये सापडलेल्यांपैकी एक शिपाई उत्तराखंडातल्या चमोली जिल्ह्याचे. त्यांची पत्नी 2011 मध्येच वारली होती. देह गावात पोहोचला तेव्हा जिला विचारायला हवं होतं ती 13 वर्षांपूर्वी गेलेली. मी हे सांगितलं तेव्हा दोघांपैकी कुणीच वाद घातला नाही. विचारायला झालेल्या उशिराची मोजणी इथूनच सुरू करावी लागेल.

मग कामाचं बोलणं झालं. अर्ज कुणाच्या नावे लिहायचा, आपल्या जिल्ह्यात असे किती असतील, यादी कुठून मिळेल. मामांचं म्हणणं, यादी रेजिमेंटल सेंटरकडून मागवावी, बेळगावला पत्र लिहावं. तिचं म्हणणं, गावागावातून उलट्या बाजूनंही यादी करावी, कारण घरं बदलली आहेत आणि जुन्या पत्त्यावर आता कुणी राहत नाही. मामांनी एक अट घातली: विचारायला टपाल जाणार नाही, माणूस जाईल, आणि शक्य तर गणवेश घातलेला. तिनंही एक अट घातली: त्या माणसाबरोबर कॅमेरा जाणार नाही.

"विचारताना नाही," मामा म्हणाले. "पण तो घरी येईल त्या दिवशी गावाला बघू द्यायचं."

"तेही तीच ठरवेल."

"गावानं काय पाप केलंय?" मामा म्हणाले. यावर त्या दिवशी त्यांचं एकमत झालं नाही.